वेगमर्यादेचे चलन : भरावे की लढावे?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या बाजारपेठेत प्रत्येकाच्या तोंडी आहे. वाडवडिलांनी ती उगाच सांगितलेली नाही. जमिनीच्या, भाडेकरूच्या आणि भाऊबंदकीच्या दाव्यांत पिढ्या गेल्या, चालती दुकाने बसली आणि निकाल लागला तेव्हा मूळ वादी हयात राहिला नव्हता, अशी उदाहरणे प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. परंतु हीच म्हण आपण आता मोबाईलवर येणाऱ्या वेगमर्यादेच्या चलनालाही लावू लागलो आहोत. चलनाचा खटला हा जमिनीचा दावा नव्हे. त्याची रीत वेगळी, मुदत वेगळी आणि त्यात पणाला लागलेली गोष्टही वेगळी असते.

नाशिकच्या व्यापाऱ्याची मालाची गाडी रस्त्यावर असतेच. मालेगावहून कापड येते, भिवंडीहून येते, सुरतेहून येते. मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या दारातून जातो आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गही पूर्ण सुरू आहे. रस्ते रुंद झाले, तशी त्यांच्यावर यंत्रांची नजरही आली. चलन आले की आपले व्यापारी बांधव दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण फोटो उघडूनही न पाहता पैसे भरून मोकळे होतात आणि ती रक्कम चालकाच्या पगारातून कापतात. दुसरे काही 'बघू पुढे' म्हणून संदेश पुसून टाकतात. पुढे गाडी विकायची वेळ येते तेव्हा थकलेल्या चलनांची माळ समोर येते आणि सौदा अडतो. या दोन्ही रीती धंद्याच्या हिशोबाला धरून नाहीत. बिल आले की आपण आधी माल मोजतो, मग पैसे देतो. चलनाचेही तसेच करावे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ मध्ये वेगमर्यादा आहे आणि कलम १८३ मध्ये ती मोडल्याची शिक्षा. केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने मालवाहू वाहनाला द्रुतगती मार्गावर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, तर शहरातील व इतर रस्त्यांवर ताशी ६० किलोमीटर अशी कमाल मर्यादा ठरविली. साध्या मोटारीला याच क्रमाने १२०, १०० आणि ७० अशी मर्यादा आहे. घाट, पूल किंवा शाळेजवळ राज्य सरकार ही मर्यादा आणखी खाली आणू शकते. परंतु त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि रस्त्यावर फलक लावावा लागतो. महिन्याभरापुरत्या तात्पुरत्या निर्बंधाला अधिसूचनेची गरज नसते, फलक मात्र हवाच. फलक होता का, हा प्रश्न म्हणूनच पळवाट नाही. तो कायद्यातलाच प्रश्न आहे.

२०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ४०० रुपये दंड होता. आता हलक्या वाहनाला किमान १,००० व कमाल २,००० रुपये आणि मध्यम व अवजड वाहनाला किमान २,००० व कमाल ४,००० रुपये दंड आहे. येथे आपल्या कामाची एक गोष्ट लक्षात ठेवावी. साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी कायद्याच्या व्याख्येनुसार हलके वाहनच असते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक अशी मालगाडी चालवू शकतो, असे स्पष्ट केले. आपल्या पिकअप आणि छोट्या टेम्पोच्या चलनावर अवजड वाहनाची रक्कम लागली असेल, तर ती तेथेच हरकत घेण्याजोगी आहे.

पण रकमेपेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर हाच गुन्हा शाबित झाला तर चालकाचा परवाना जप्त करण्याची तरतूद याच कलमात आहे. मालकाचे दोन हजार रुपये जातात. चालकाची रोजी जाते. चुकीचे चलन निमूटपणे भरणारा शेठ स्वतःचा वेळ वाचवितो आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या चुलीकडून वसूल होते. चलन लढवावे की नाही, हा प्रश्न आम्हाला यासाठीच महत्त्वाचा वाटतो.

मीटरपट्टीचा न्याय

आपण कापडवाले. गज गेला, मीटर आला, पण मापाचा न्याय बदलला नाही. वैधमापन खात्याचा निरीक्षक दुकानात येतो तेव्हा तो तागा मोजत बसत नाही. आधी मीटरपट्टी उलटी करून तिच्यावरचा शिक्का पाहतो. शिक्का नसेल तर मोजलेले कापड पुरेपूर असले तरी ती पट्टी बेकायदेशीर ठरते. हाच न्याय वेग मोजणाऱ्या यंत्रालाही लागू आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

कलम १८३ च्या पोटकलम ३ नुसार, 'ही गाडी फार जोरात चालली होती असे मला वाटले' एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कोणालाही दोषी धरता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या मोजणीवर आधारलेले असावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७ अ आला. त्यानुसार अशा यंत्राला राज्याच्या नेमलेल्या प्राधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र असावे आणि ते दरवर्षी नव्याने घेतलेले असावे. पुढे रडारने वेग मोजणारी यंत्रे वैधमापनाच्या नियमांत आली. १ जुलै २०२५ पासून त्यांची तपासणी होऊन त्यांच्यावर शिक्का असणे बंधनकारक झाले. म्हणजे आपली मीटरपट्टी आणि पोलिसांचे रडार एकाच कायद्याच्या छत्राखाली आले. जो प्रश्न निरीक्षक आपल्याला विचारतो, तो अदबीने विचारण्याचा हक्क आता आपल्यालाही आहे.

दुसरी गोष्ट फोटोची. नियम १६७ अ मध्ये चलनासोबत काय असावे हे सांगितले आहे : गाडीचा नंबर आणि गुन्हा स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने केलेली मोजणी, तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेले कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब नुसार दिले जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ त्याच्या जागी आले आहे. प्रमाणपत्राचे महत्त्व किती, हे आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने साऱ्या देशाला सांगितले. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्याच्या चित्रणावर आला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले की, मूळ यंत्रच कोर्टात हजर केले नसेल, तर चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्यातील प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आमदारकीच्या खटल्याला जो नियम लागतो, तो टेम्पोच्या चलनाला का लागू नये?

तारखांचा हिशोब

वेगाच्या गुन्ह्याला कलम २०९ ची एक खास कवचकुंडले आहेत. गुन्हा घडला त्याच वेळी चालकाला खटल्याची ताकीद दिलेली असावी. किंवा चौदा दिवसांच्या आत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ व ठिकाण सांगणारी नोटीस चालकाला अथवा नोंदणीकृत मालकाला बजावलेली वा रजिस्टर पोस्टाने पाठविलेली असावी. किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेले असावे. तिन्हीपैकी एकही झाले नसेल तर दोषी ठरविता येत नाही. मात्र मालकाचा पत्ता प्रयत्न करूनही मिळाला नाही, किंवा आरोपीच्याच वागण्यामुळे बजावणी झाली नाही, असे कोर्टाला पटले तर हे संरक्षण उरत नाही. ज्यांच्या गाडीच्या नोंदणीला जुना पत्ता आणि बंद पडलेला मोबाईल नंबर जोडलेला आहे, त्यांनी तो आजच बदलून घ्यावा.

२०२१ च्या नियमात यंत्राच्या चलनाची नोटीस पंधरा दिवसांत पाठविण्याचे सांगितले आहे. शिवाय ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, असा फौजदारी कायद्याचा दंडक आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६८ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ आहे. योग्य कारण असल्यास कोर्ट विलंब माफ करू शकते, हेही ध्यानात असू द्यावे. सबब गुन्ह्याची तारीख कोणती आणि संदेश कोणत्या तारखेला आला, या दोन तारखा पहिल्याच दिवशी वहीत टिपून ठेवाव्यात. उधारीच्या वहीत आपण तारीख चुकवत नाही. येथेही चुकवू नये.

चार दरवाजे

चलन आल्यावर चार दरवाजे असतात. पहिला दरवाजा सरळ भरण्याचा. कलम २०० नुसार सरकारने ठरविलेली तडजोडीची रक्कम भरली की प्रकरण संपते.

दुसरा दरवाजा तक्रारीचा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर चलनाविरुद्ध तक्रार नोंदविता येते. नंबर चुकीचा वाचला गेला असेल, गाडीचा प्रकार चुकला असेल, तर येथे काही खर्च न होता काम होण्याची शक्यता असते. तक्रारीची मुदत चलनावर वा संकेतस्थळावर पाहून घ्यावी, कारण हे नियम मधूनमधून बदलतात.

तिसरा दरवाजा लोकअदालतीचा. २५ सप्टेंबर २०२१ च्या राष्ट्रीय लोकअदालतीत राज्यातील थकीत चलने मोठ्या प्रमाणावर ठेवण्यात आली आणि अनेकांच्या मोबाईलवर प्रथमच लोकअदालतीची नोटीस आली. पुष्कळांचा समज असा की तेथे निर्दोष सुटता येते. तसे नाही. लोकअदालत म्हणजे समझोता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार तेथील निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. दंड मान्य आहे, फक्त प्रकरण लवकर मिटवायचे आहे, अशांसाठी हा दरवाजा चांगला. चलनच खोटे आहे असे म्हणणाऱ्यासाठी तो नाही.

चौथा दरवाजा कोर्टाचा. चलनांसाठी महाराष्ट्रात आभासी न्यायालयही सुरू झाले. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथील अशा न्यायालयाचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते झाले. आभासी न्यायालयात दंड भरता येतो किंवा गुन्हा नाकबूल करता येतो. नाकबूल केला की प्रकरण त्या हद्दीच्या नेहमीच्या दंडाधिकाऱ्यांकडे जाते. कबुली देण्याआधी मात्र दोनदा विचार करावा; कारण गुन्हा कबूल केल्यावर दोषसिद्धीविरुद्ध अपिलाचा मार्ग बंद होतो.

आमचा अनुभव

आमच्या पेढीच्या पिकअपला एका तालुक्याच्या हद्दीतील चलन आले. ठिकाण आणि कार्यालय यांची नावे येथे देण्याचे कारण नाही. चलनानुसार गाडी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ताशी ९४ किलोमीटर वेगाने धावत होती. आमच्याकडील फास्टॅगचा हिशोब पाहिला, तर तीच गाडी त्या दिवशी तीन वाजण्याच्या दहा मिनिटे आधी चांदवडच्या टोलनाक्यावरून गेली होती, आणि चलनातील ठिकाण तेथून शंभर किलोमीटरहून लांब. मालेगावच्या प्रोसेस हाऊसच्या डिलिव्हरी चलनावरही माल भरल्याची वेळ होती. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा नंबर आमचाच, पण हौद्याचा रंग वेगळा.

प्रथम तक्रार नोंदविली. एका ओळीचे उत्तर आले : चलन योग्य आहे. मग गुन्हा नाकबूल केला. पहिल्या तारखेला पुकारा झाला, साहेबांनी विचारले, 'गुन्हा कबूल आहे का?' आम्ही 'नाही' म्हटले आणि पुढची तारीख मिळाली. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाल्याने मराठी कागदपत्रांची थोडी धास्ती होती. परंतु फिर्याद, तारीख, कबूल, वकील, जामीन, हुकूम, दफ्तर असे अर्धे शब्द तर आमच्या शाळेच्याच ओळखीचे निघाले. दुसऱ्या तारखेला साक्षीदार अधिकारी आले नाहीत. तिसऱ्या तारखेला आले, पण सोबत प्रमाणपत्र नव्हते. आम्ही फास्टॅगचा बँकेकडून घेतलेला उतारा आणि गाडीचे फोटो ठेवले. निकाल आमच्या बाजूने लागला.

तीन दिवस गेले, प्रवास आणि वकिलाची फी धरून खर्च दंडापेक्षा जास्त झाला, हे लपविण्यात अर्थ नाही. निव्वळ रुपयांच्या हिशोबात हा घाट्याचा सौदा आहे. परंतु खटल्यामुळेच कळले की आमचा नंबर लावून दुसरी गाडी फिरत आहे, आणि त्याची तक्रार आम्ही पोलिसांत दिली. ती गाडी उद्या अपघात करून पळाली असती तर? आणि आमच्या चालकाच्या नावावर त्याने न केलेला गुन्हा चढला नाही. त्याच्या घरात पाच माणसे त्या परवान्यावर जेवतात. ही रक्कम खर्चाच्या खात्यात टाकावी की अमानतीच्या, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसरी बाजूही पाहावी

आता थोडे कडू. चलन खरे असेल तर ते भरावे. मोजणी बरोबर, फोटो आपलाच आणि गाडी खरोखरच जोरात, असे असताना साक्षीदार खोटा पाडण्यासाठी कोर्टात खोटे बोलणे हे कायद्यानेही पाप आणि ईमानानेही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले. त्यांत आपल्याच बाजारांतील चालक आणि हमालही असतातच.

आणि अतिवेगाचे मूळ पुष्कळदा गादीवर बसलेल्या शेठच्या फोनमध्ये असते. 'दुकान बंद होण्याआधी माल आलाच पाहिजे' असे आपण सांगतो. कलम १८३ मध्ये गाडी चालविणाऱ्याबरोबर, आपल्या नोकराला वेगाने चालवायला लावणाराही गुन्हेगार आहे. वेगमर्यादा पाळून जो प्रवास ठराविक वेळेत होऊच शकत नाही, तो त्या वेळेत करण्याचा हुकूम दिला, तर तो हुकूम हाच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. मोबाईलवर पाठविलेला असा संदेश उद्या कोर्टात वाचला जाऊ शकतो. हिशोब करून पाहा : नाशिक ते मालेगाव सुमारे शंभर किलोमीटर. ताशी ८० ने पंचाहत्तर मिनिटे लागतात, ९० ने सहासष्ट-सदुसष्ट. आठ मिनिटांच्या नफ्यासाठी गाडी, माल, परवाना आणि माणूस पणाला लावणे ही तिजारत नव्हे.

पेढीवर ठेवण्याची वही

प्रत्येक गाडीसाठी एक स्वतंत्र वही ठेवावी. गाडी कोणत्या दिवशी कोणता चालक घेऊन गेला, हे तीत रोज लिहावे. पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव, पत्ता व परवाना सांगणे कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे, आणि वही नसेल तर नेमके नाव आठवत नाही. डिलिव्हरी चलन, फास्टॅगचा मासिक उतारा आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो जपून ठेवावेत. पंधरवड्यातून एकदा गाडीचा नंबर टाकून चलने तपासावीत, म्हणजे संदेश आला नाही तरी मुदत हातची जात नाही. ज्या चालकाला वकील परवडत नाही, त्याने जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करावी. कमी उत्पन्नाच्या माणसाला मोफत वकील मिळण्याची तरतूद तेथे आहे.

आणि शेवटी एक विनंती. चालकाच्या पगारातून चलनाची रक्कम कापण्याआधी तो फोटो त्याच्यासोबत बसून पाहावा आणि 'ही गाडी आपलीच का?' एवढे त्याला विचारावे. त्याचे उत्तर ऐकल्यावर भरायचे की लढायचे, हा निर्णय सोपा होतो.